चाळणीतून उतरणारी माफी

उपेंद्र सबनीसने कोटाचं बटण लावून कॅमेऱ्याकडे बोट रोखलं की राज्याचा कारभार घटकाभर थबकतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मंत्रालयात फायली हातातल्या हातात राहतात, घराघरांत आमटी वाढायची थांबते आणि ज्याच्याकडे ते बोट वळेल त्याच्या पायाखालची जमीन सरकते. ही समजूत त्याला कुणी मुद्दाम करून दिली होती असं नाही. बाणेरच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी 'झडती' नावाचा कार्यक्रम केला की ती माणसाला आपोआप होते.

झडतीत सहा पाहुणे असायचे. उपेंद्र त्यांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर स्वतःच द्यायचा. पाहुणे बोलायला येतात हा बाहेरच्यांचा गैरसमज होता, ते ऐकायला येत. रोज एक खरा गुन्हेगार सापडायचा, रोज महाराष्ट्र हादरायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हादरायला जागेवर हजर असायचा.

अशात बाजारात चाळण आली. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये बसणारी नखाएवढी चिप. कुणी काय बोलतंय त्यातलं माहितीचं तेवढं ऐकू द्यायचं, बाकीचं गाळायचं, एवढंच तिचं काम. उपेंद्रने तिच्यावरही एक झडती घेतली होती. 'तुमच्या कानांवर पहारा कुणाचा?' असं विचारून त्याने टेबल दणाणलं होतं. चाळण म्हणजे नेमकं काय हे मात्र त्याने समजून घेतलं नव्हतं. त्याला कुठल्याच विषयाबाबत तशी गरज पडत नसे.

ती कळली ती घरीच. एका शनिवारी कार्यक्रम आधीच रेकॉर्ड झालेला होता, म्हणून तो उजेडीच घरी आला. त्याची बायको मेधा सोफ्यावर बसून मटार सोलत होती आणि समोर टीव्हीवर तो स्वतःच होता. बोट रोखलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि आवाज म्हणून काही नाही. मग मध्येच ऐकू आलं, "पुणे-सातारा रस्त्यावरची वाहतूक दुपारनंतर सुरू झाली आहे." पुन्हा सगळं चिडीचूप. मटारचे दाणे भांड्यात पडल्याचं तेवढं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने पडद्यावरचा उपेंद्र म्हणाला, "भेटू या उद्या." आणि कार्यक्रम संपला.

"आवाज गेलाय का?" त्याने विचारलं.

"नाही. चाळण लावलीय."

"माझ्या कार्यक्रमाला?"

"सगळ्यालाच लावलीय रे. तुझ्यासाठी वेगळी नाही आणली."

मेधा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. नवऱ्याचा चेहरा बघून तिने मटार बाजूला ठेवले आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागली. "समज, आपल्या सोसायटीत आगीची घंटा आहे. आग लागली की वाजते. ती वाजली की आपल्याला काहीतरी कळतं. आता समज, ती रोजच वाजते, आग असो वा नसो. मग वाजल्यावर काय कळलं?"

"काही नाही."

"हेच माहितीचं गणित. वाजण्याचा आणि आगीचा जेवढा संबंध, तेवढी त्या वाजण्यात माहिती. संबंध शून्य असेल तर माहिती शून्य. मग घंटा कितीही मोठी असू दे."

चाळण हेच करत होती. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या जुन्या विधानांची ती आपल्यापाशी नोंद ठेवी आणि पुढे काय खरं निघालं ते कोर्टाचे निकाल, प्रयोगशाळांचे अहवाल, चौकशांचे निष्कर्ष यांच्याशी ताडून बघे. उपेंद्र सबनीसने जाहीर केलेले गुन्हेगार आणि पुढे खरोखर दोषी ठरलेली माणसं यांच्यात तिला काडीचाही संबंध सापडला नव्हता. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशी ती नावं होती. म्हणून त्याच्या तोंडून गुन्हेगाराचं नाव आलं की चाळण ते सरळ गाळून टाकी. आधी कधीच न केलेलं, नोंद नसलेलं विधान आलं तर मात्र अडवत नसे. अजून पारखलेलं नाही तर ऐकू द्यावं, असा तिचा नियम होता.

"पण लोक बघतात मेधा. आकडे आहेत माझ्याकडे."

"ते आकडे टीव्ही चालू असल्याचे आहेत."

"आणि 'भेटू या उद्या' बरं ऐकू आलं?"

"ते खरं असतं. तू खरंच येतोस दुसऱ्या दिवशी."

ती हे चिडवायला म्हणाली नव्हती, पण उपेंद्रला झोंबायचं ते झोंबलंच. बाहेरच्यांनी कान बंद केले तर एक वेळ समजू शकतं, घरच्या माणसाने? त्याने बोलणं टाकलं. मेधानेही फार मनधरणी केली नाही. दोघं एका टेबलावर जेवत आणि 'मीठ दे', 'पाणी दे' एवढंच बोलत. ते दिवस दोघांनाही जड गेले.

आणि अशात फलटणची बातमी आली. तिथल्या एका मंगल कार्यालयात लग्नाचं जेवण जेवून शंभरावर माणसं आजारी पडली होती. उलट्या, जुलाब, सलाइन. सुदैवाने कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. पण झडतीला एवढं पुरे होतं. संध्याकाळची वाट न बघता दुपारीच खास भाग लावला. पुण्याहून गेलेल्या गाडीतल्या वार्ताहराने कार्यालयाच्या भटारखान्यामागच्या भिंतीचा फोटो पाठवला होता. भिंतीवर फलक होता: रणवरे केटरर्स, प्रोप्रा. सौ. कौसल्या रणवरे, खाली फोन नंबर. तो फोटो उपेंद्रच्या मागच्या भिंतभर पडद्यावर झळकला. "बघा, महाराष्ट्रा, नीट बघून घ्या," तो गरजला. "ही ती कौसल्या रणवरे. हिने लग्नाच्या ताटात विष वाढलं." तो बोलत राहिला, छाती भरून, घसा फुटेस्तोवर.

त्याच वेळी दुसऱ्या एका वाहिनीने ही बाधा नवऱ्यामुलाच्या काकाच्या राजकारणातून शोधून काढली होती आणि तिसऱ्या वाहिनीने शेजारच्या देशाचा नकाशा लावला होता. ज्याचा त्याचा गुन्हेगार वेगळा होता.

मेकअप पुसत असताना रुबिना मुजावर आत आली. झडतीची सगळी जुळवाजुळव ती करायची. दाराला पाठ लावून ती म्हणाली, "सर, घोळ झालाय. त्या बाईंनी तिथे स्वयंपाक केलेलाच नाही. नवऱ्याकडच्या भावकीने घरचा स्वयंपाक केला होता."

"आणि तो फलक?"

"तो कायमचाच आहे. केटरर लोक काम झालं की आपला फलक तिथेच टांगून जातात, पुढचं गिऱ्हाईक मिळावं म्हणून. त्या भिंतीवर आणखी चार-पाच आहेत म्हणे. आपल्या फोटोत एकच आला. फलटणात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"कुणी विचारलं नाही?"

"नाही. तुम्हीही नाही विचारलंत, सर."

"तिला फोन लाव."

"केव्हाची लावतेय. उचलत नाहीत."

उपेंद्रने मेकअपचा बोळा खाली ठेवला. मागे एका वाहिनीवर असंच एका डॉक्टरचं नाव घेतलं गेलं होतं आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी त्याचा दवाखाना फोडला होता. फोन न उचलणारी एक बाई आणि तिच्या दारात जमलेला जमाव त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागला. ते चित्र पुसता पुसेना.

"वरून निरोप आहे," रुबिना म्हणाली. "संध्याकाळी तुम्ही माफी मागायची. अख्खा भाग माफीचा. तुम्ही आजवर कधी माफी मागितलेली नाही, म्हणजे नोंद नाही, म्हणजे चाळणीतून उतरेल. सलग, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वर सगळे खूश आहेत."

"आधी मी फलटणला जाऊन येतो," उपेंद्र म्हणाला.

गाडी स्वतःची स्वतः चालत होती, त्यामुळे त्याला दुसरा उद्योग नव्हता. सासवड मागे पडेपर्यंत तो नुसता घाबरून बसला. मग सवयीने माफीची जुळवाजुळव करायला लागला. "महाराष्ट्रा, आज हा उपेंद्र सबनीस तुझ्यापुढे मान खाली घालून उभा आहे." इथे थोडं थांबायचं. चष्मा काढायचा. जेजुरीपर्यंत त्याचे स्वतःचे डोळे भरून आले. नीरेला नदी ओलांडताना ती माफी त्याला इतकी आवडली होती की मराठी पत्रकारितेत अशी माफी पूर्वी कुणी मागितलीच नसेल, असं त्याला वाटायला लागलं. लोणंद गेल्यावर पुन्हा ती बाई आठवली आणि माफी विसरून त्याने गाडीला वेग वाढवायला सांगितलं.

रणवऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच त्याने गाडी थांबवली. जमाव नव्हता. पोलीस नव्हते. एक म्हातारा ओट्यावर विडी ओढत होता, त्याने वर बघितलं आणि परत विडीकडे लक्ष दिलं. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. पाच-सहा बायका गोल करून लसूण सोलत होत्या, आणि पदर खोचलेली, मनगटापर्यंत पीठ लागलेली एक थोराड बाई भल्यामोठ्या परातीत कणीक मळत होती.

"कौसल्याबाई रणवरे?"

"मीच की. या. लगीन कवा हाय?"

"मी उपेंद्र सबनीस."

"बरं. मुलाचं का मुलीचं?"

उपेंद्रला हे उत्तर आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. फोटो, फलक, दुपारचा कार्यक्रम, आपण काय बोललो ते. विष हा शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळली. बायकांचे लसूण सोलणारे हात थांबले. कौसल्याबाईंनी पिठाचे हात परातीवर झटकले.

"आज दुपारी? टीव्हीवर?" त्यांनी बाकीच्या बायकांकडे बघितलं. "टीव्ही तर सकाळधरनं चालू हुता की ग. कुणी ऐकलं का काई?"

कुणीच ऐकलं नव्हतं. एक जण म्हणाली, "ह्यास्नी बघितल्यालं आठवतंय. त्वांड हलत हुतं."

"आमच्या सुनेनं ती चाळण लावून दिलीया," कौसल्याबाई म्हणाल्या. "आख्ख्या गल्लीत हाय. तवापासनं बातम्या कशा गपगुमान असत्यात. फोन आत चार्जिंगला लावलाय, म्हून घावलं नसंल तुमास्नी."

उपेंद्र तिथल्याच एका पालथ्या पातेल्यावर बसला. दुपारपासून आवळून धरलेलं काहीतरी सुटलं आणि त्याला रडू येईल की काय असं वाटलं. कुणी ऐकलं नव्हतं. बाई धडधाकट समोर उभी होती, कणीक मळत होती, दार शाबूत होतं. त्या सुटकेत एक बारीकशी बोच होतीच, खोटं कशाला बोला. एवढ्या ताकदीने आपण एका बाईचं नाव घेतलं आणि तिच्या स्वतःच्या शेडमध्येसुद्धा ते पोचलं नाही. पण दोन घोट पाणी प्यायल्यावर ती बोचही त्याला बरी वाटायला लागली. चाळण आल्यापासून ज्यांची ज्यांची नावं घेतली, त्यांतले बरेचसे असेच वाचले असतील.

कौसल्याबाईंनी फोन मागवून घेतला. रुबिनाचे पुष्कळ फोन येऊन गेले होते आणि मध्येच एक हणमंतराव गावड्यांचा होता. हे विडणी गावचे. उद्या त्यांच्या भाचीचं लग्न होतं आणि शेडमधला सगळा पसारा त्याच लग्नाचा होता. कौसल्याबाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वैनी, वाईट वाटून घिऊ नका," पलीकडून आवाज आला, "पर उद्याचं ऱ्हाऊ द्या. आमी दुसरं काय तरी बघतो."

"का वो? काय चुकलं?"

"दुपारी टीव्हीवर तुमचं नाव घितलं. आमच्याकडं जुना टीव्ही हाय, सगळं आयकू येतं. पावण्यारावळ्यात कुणाला काय झालं तर मी बहिणीला काय त्वांड दावू?" आणि फोन बंद झाला.

कौसल्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. उद्याचं एक काम गेलं एवढ्याचंच ते दुःख नव्हतं. स्वयंपाकणीच्या नावाला विषाचा वास लागला की ती पुन्हा कुणाच्या दारात चूल मांडू शकत नाही, हे तिथल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. हणमंतराव उद्या मांडवात कुणाला तरी कारण सांगणार, तो आणखी कुणाला. त्याला चाळण अडवणार नव्हती.

"मी संध्याकाळी माफी मागतो," उपेंद्र घाईने म्हणाला. "सगळ्या महाराष्ट्रापुढे. तुमचं नाव घेऊन सांगतो की या बाई निर्दोष आहेत."

"ते लोकांस्नी आयकू यील?"

"येईल. तेवढं नक्की येईल."

"म्हंजे दुपारचं ज्यास्नी आयकू आलं न्हाई, त्यास्नी संध्याकाळी कळणार, की इषबाधेत माझं नाव आलं हुतं." कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "निर्दोष म्हनलं तरी इष ते इषच की साहेब. लोकं निम्मंच ध्यानात ठिवत्यात."

"मग नाव न घेता मागतो."

"मग कोन ती बाई म्हून शोधत बसतील. घावंलच की."

उपेंद्रने कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं.

"रागावू नका," त्या म्हणाल्या, "पर ती माफी तुमचा जीव हलका व्हायला चांगली हाय. तेच्यापायी माझं नाव कशाला खर्चायचं? आयकलं एकानं. सांगा एकाला. चला, मी बी येते. तुमी बोला, मी गप बसते."

गाडीत बसताच रुबिनाचा फोन आला. संध्याकाळच्या माफीची जाहिरात तयार होती, मागे सनई लावायची की सारंगी यावर वाद चालला होता.

"जाहिरात थांबव," उपेंद्र म्हणाला. "माफी होणार नाही. दुपारचा भाग सगळीकडून उतरव, आणि अन्न खात्याच्या अधिकाऱ्यांना फोन करून आपली चूक सांग."

"वर काय सांगू?"

"जिची माफी मागायची तिला ती नकोय म्हणून सांग."

"मग संध्याकाळी दाखवायचं काय?"

"दवाखान्यातून किती जण घरी गेले ते विचारून सांगा. बाधा कशाने झाली ते अजून कळलेलं नाही, हेही सांगा."

"ते मिनिटभरात होईल, सर."

"मग मिनिटभराचाच कार्यक्रम करा."

"तुम्हाला काढतील," रुबिना हळूच म्हणाली.

"बघू," उपेंद्र म्हणाला, आणि आपण हे किती सहज म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं.

विडणीला गावड्यांच्या दारात मांडव उभा होता. हणमंतराव पडवीत खुर्चीवर बसले होते. कौसल्याबाईंना बघून ते ओशाळले आणि त्यांच्यासोबतच्या कोटवाल्याकडे संशयाने बघू लागले. उपेंद्रने छाती भरून घेतली, बोट आपोआप वर गेलं. "हणमंतराव, आज हा उपेंद्र सबनीस तुमच्यापुढे..."

कौसल्याबाई खाकरल्या. उपेंद्रने बोट खाली घेतलं आणि समोरच्या बाकड्यावर बसला.

"दुपारी टीव्हीवर मी यांचं नाव घेतलं," तो म्हणाला. "ते चूक होतं. त्या लग्नाचा स्वयंपाक यांनी केलेला नव्हता, भावकीने केला होता. मी भिंतीवरचा फलक बघितला आणि कुणाला विचारलं नाही."

"मग लोकास्नी झालं कशानं?"

उपेंद्रचं तोंड उघडलं. बर्फ, दूध, तेल, कट, सगळे शब्द जिभेवर हजर होते. त्याने ते गिळले. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हंजे? टीव्हीवाल्यास्नी बी म्हाईत नसतं?"

"बहुतेक वेळा नसतं."

हणमंतरावांनी त्याला नीट न्याहाळलं. "दुपारी वरडत हुता ते तुमीच?"

"मीच."

"आवाज येगळा लागतुया."

"तो कामाचा आवाज होता. हा घरचा आहे." घरीही बरेच दिवस आपण तो वापरलेला नाही, हे बोलता बोलता उपेंद्रच्या लक्षात आलं.

हणमंतराव कितीतरी वेळ दाढी खाजवत बसले. त्या वेळात उपेंद्रने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. कौसल्याबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत होत्या. शेवटी हणमंतराव त्यांच्याकडे वळले. "वैनी, जिलबी जरा वाईच कडक करा उद्या. नवऱ्याकडची मंडळी खट हायेत."

"करते," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

परत येताना कौसल्याबाई म्हणाल्या, "उद्या मोकळं असला तर या. वाढायला माणसं कमी हायेत."

"मोकळाच असेन बहुतेक. काय वाढू?"

"मीठ वाढा. तेला काई बोलावं लागत न्हाई."

उपेंद्र हसला, इतका की गाडीने प्रकृती ठीक आहे ना असं विचारलं. हसू ओसरल्यावर त्याने मेधाला फोन लावला. किती दिवसांनी लावतोय हे त्याला आठवेना.

"उद्या विडणीला लग्नाला येतेस?" त्याने विचारलं. "मला पंगतीत मीठ वाढायचंय. सगळं आल्यावर सांगतो."

मेधा म्हणाली, "येते. मुलीचं नाव काय? आहेराच्या पाकिटावर घालायला."

उपेंद्रच्या ओठांवर एक नाव जवळजवळ आलंच होतं, अंदाजाने.

"थांब," तो म्हणाला, "विचारून सांगतो." आणि तो कौसल्याबाईंकडे वळला.